कुंडीतल्या ऑर्किडची मुळं: कुजणं, सुकणं, जळणं आणि त्यावरचे उपाय

हिरवाकाठ

ऑर्किडच्या मुळांचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेत, ते एका ठिकाणी यावेत म्हणून हा धागा. फॅलेनोप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम, व्हँडा, कुठलंही चालेल. ज्यांना जे नेमकं माहीत आहे ते मापासकट लिहा.

मूळ मुद्दा आधी. ऑर्किड गेलं की ‘पाणी जास्त झालं’ म्हणून विषय संपतो. खरं तर ही मुळं पाण्यानं मरत नाहीत, हवा न मिळाल्यानं मरतात. आपण घरी लावतो ती बहुतेक ऑर्किडं झाडाच्या सालीवर वाढणारी. व्हँडाची उघडी मुळं पावसाळाभर भिजतात आणि ठणठणीत राहतात, कारण सर ओसरली की वारा लागतो. तेच मूळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) दाबलं तर काही आठवड्यांत जातं. पाणी तेवढंच, मधली पोकळी गेली.

मुळावर दिसतो तो चंदेरी-पांढरा थर म्हणजे वेलामेन. मृत पेशींचा हा थर मिनिटभरात पाणी शोषतो आणि मग सावकाश आत सोडतो. कोरडा असताना चंदेरी, भिजला की आतला हिरवा रंग दिसतो. हा थर सतत भिजलेलाच राहिला तर आतल्या जिवंत पेशींना प्राणवायू पोचत नाही, त्या मरतात आणि मग बुरशी येते. बुरशी बहुतेक वेळा मागून येते. म्हणून माध्यम (कुंडीत मातीऐवजी भरलेली साल, कोळसा वगैरे) न बदलता नुसतं बुरशीनाशक ओतलं की महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

कुंडीतून काढल्यावर आधी नुकसान कुठल्या प्रकारचं ते ओळखा, कारण चारही प्रकारांत पानं सारखीच सुरकुततात.

कुजलेलं मूळ तपकिरी, दाबल्यावर पचपचीत. ओढलं की साल निसटते आणि आतला दोरा हातात राहतो.
सुकलेलं मूळ फिकट, पोकळ, कागदासारखं चपटं, पण कोरडं.
क्षारांनी जळलेलं मूळ बाकी टणक असतं, फक्त वाढतं टोक काळं किंवा तपकिरी होऊन थांबतं.
खाल्लेल्या मुळाचं टोक कुरतडलेलं असतं, कडा वेड्यावाकड्या.

रंगावर जाऊ नका. नारळाच्या सोडणात किंवा पाईनच्या सालीत वाढलेली मुळं डाग पडून तपकिरीच दिसतात. मॉसच्या (ओल धरणाऱ्या शेवाळाच्या) आतली उजेड न मिळालेली मुळं पिवळट-पांढरी असतात. दोन्ही निरोगी असू शकतात. चिमटीत धरून दाबा. टणक असेल तर ते मूळ कापायचं नाही.

चाफेकळी

वाचनखूण साठवली. एक नेमका प्रश्न. फॅलेनोप्सिस, पाच इंची पारदर्शक कुंडी, बाहेरून मुळं हिरवी आणि छान. तरी खालची दोन पानं मऊ पडून चामड्यासारखी झालीत. कुंडी उपसल्यावर बाहेरची मुळं टणक निघाली, पण मधोमध मॉसचा घट्ट गोळा आहे आणि त्यातली सगळी मुळं गेलेली. वरच्या हवेतल्या मुळांना काही झालेलं नाही. आता कापायचं किती आणि ठेवायचं कशात?

हिरवाकाठ

चाफेकळी, तो मधला गोळा म्हणजे रोपवाटिकेतला प्लग. छोटं रोप प्लगमध्ये वाढवतात आणि मोठं झाल्यावर तसंच मोठ्या कुंडीत बसवून भोवती साल भरतात. भोवतालची साल दोन दिवसांत वाळते, गोळा आठ-दहा दिवस ओला राहतो. आपण वरचं माध्यम बघून पाणी घालतो आणि खोडाचा तळ मात्र कायम ओल्यात. विकत आणलेल्या फॅलेनोप्सिसची फुलं संपली की पहिलं काम हा गोळा काढण्याचं.

आता क्रमाने सांगते.

मुळांचा गड्डा साध्या पाण्यात २० मिनिटं भिजवा. जिवंत मुळं हिरवी होतात, लवचीक होतात, तुटत नाहीत. जुनं माध्यम पूर्ण काढा, थोडंही परत वापरायचं नाही. कात्री गॅसच्या ज्योतीवर तापवून गार करा, नुसतं अल्कोहोलने पुसणं विषाणूंना पुरत नाही; एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना हे पुन्हा करायचं, कारण ऑर्किडचे विषाणू कात्रीवरून जातात. कुजलेला भाग कापताना निरोगी भागात अर्धा सेंटिमीटर आत जाऊन कापा. फुलांचा दांडा असेल तर तोही काढा. मुळं नसलेलं झाड दांड्यावर ताकद घालवत असतं. जीवावर येतं, पण कापाच.

मग झाड सावलीत, हवेशीर जागी रात्रभर तसंच ठेवा. काप वाळले पाहिजेत.

बोटभर लांबीची तीन-चार टणक मुळं उरली असतील तर तीन ते चार इंची कुंडी पुरे. मुळांचा घेर आणि कुंडीची कड यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. मोठ्या कुंडीत मुळं पोचलेली नसतात त्या भागात पाणी साचून राहतं आणि कुजणं पुन्हा सुरू. तुमच्याकडची हवेतली मुळं आत कोंबू नका. जी मुळं हवेत वाढली ती माध्यमात गाडली की बऱ्याचदा कुजतात. ती बाहेरच राहू द्या आणि त्यांच्यावर फवारा मारा.

भरताना माध्यम बोटांनी दाबायचं नाही, कुंडीच्या बाजूवर टिचक्या मारून बसवायचं. झाड हलत असेल तर काडी लावून बांधा. हे फार लोक सोडून देतात. नवं मूळ फुटून दोन मिलिमीटर पुढे आलं आणि झाड डुलल्याने टोक सालीला घासलं की ते मूळ तिथेच थांबतं. पहिलं पाणी तीन-चार दिवसांनी. खत नवी टोकं दिसेपर्यंत नाही.

मृगसरी

आणि एकही मूळ उरलं नसेल तर पिशवीचा उपाय. स्फॅग्नम मॉस भिजवून असा पिळायचा की परत दाबल्यावर थेंब पडू नये. मूठभर मॉस पारदर्शक पिशवीच्या तळाशी, त्यावर झाड असं की खोडाचा तळ मॉसला टेकेल पण आत गाडला जाणार नाही. पिशवीत हवा भरून तोंड बंद करा. उजेड भरपूर, ऊन अजिबात नाही, नाहीतर आत झाड शिजतं. तापमान २५ ते २८ अंश. तीन-चार दिवसांनी दहा मिनिटं उघडून हवा बदला. खोडातून नवी मुळं चार-पाच सेंटिमीटर झाली की कुंडीत. याला दोन महिने सहज लागतात, कधी त्याहून जास्त, आणि तोवर पानं आणखी सुरकुततील. घाबरून पाणी ओतू नका.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे पिशवी प्रकरण करू नये. बाहेर आर्द्रता आधीच भरपूर असते, पिशवीत चार दिवसांत बुरशी धरते. त्या दिवसांत झाड ओल्या मॉसच्या वर जाळीवर ठेवलं तरी भागतं.

अनामिक_माळी

बुरशीनाशकांबद्दल लिहितो, कारण सरसकट कार्बेन्डाझिम घालण्याची सवय घातक आहे. ते फ्युजॅरियम आणि रायझोक्टोनिया या बुरशींवर चालतं. पण पावसाळ्यात खोडापासून काळी, पाणचट कूज वर पानात चढते ती पिथियम किंवा फायटॉफ्थोराची. हे खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. तिथे मेटॅलॅक्झिल ८ टक्के अधिक मॅन्कोझेब ६४ टक्के ही मिश्र पावडर लिटरला २ ग्रॅम, किंवा फोसेटिल अ‍ॅल्युमिनियम लिटरला २ ग्रॅम. आधी काळा भाग कापायचाच, ही कूज दोन दिवसांत अख्खं झाड घेते. कार्बेन्डाझिम लागलंच तर लिटरला १ ग्रॅम, झाडाची मुळं १० मिनिटं बुडवून.

तिसरा प्रकार डेंड्रोबियमवर नेहमी दिसतो. खोडाच्या तळाशी पंख्यासारखे पांढरे धागे आणि त्यात मोहरीएवढे दाणे, आधी पांढरे, मग तपकिरी. ही स्क्लेरोशियम बुरशी. तिलाही कार्बेन्डाझिम फारसं लागू पडत नाही. कुंडी लगेच वेगळी करा, माध्यम कचऱ्यात बंद पिशवीत टाका, मातीच्या ढिगावर नाही. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. कार्बोक्सिन अधिक थायरम लिटरला २ ग्रॅम करून तळावर ओततात. कुंड्या जमिनीवर न ठेवता लोखंडी मांडवावर दोन-अडीच फूट उंच ठेवल्या तर ही कूज बरीच टळते.

कॅटलियाचा आडवा कंद कापल्यावर आत जांभळट कडं दिसलं तर फ्युजॅरियम. कडं दिसेनासं होईपर्यंत मागे कापत जायचं, दर कापाला कात्री पुन्हा तापवून.

कॉपर ऑक्सिक्लोराइड डेंड्रोबियमवर टाळा. तांब्याने त्याची पानं आणि टोकं भाजतात. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) वापरायचं असेल तर रासायनिक बुरशीनाशकानंतर किमान दोन आठवडे थांबा, नाहीतर तेच मरतं. हातमोजे, तोंडाला मास्क, आणि हे सगळं घराबाहेर.

गच्चीवाला

माळीबुवा, एवढी रसायनं लागतात का? कापल्यावर दालचिनीची पूड आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एवढ्यावर बहुतेक काम होतं. पेरॉक्साइड घातलं की फेस येतो, जंतू मरताना दिसतात.

अनामिक_माळी

फेस म्हणजे जंतू मरताहेत असं नाही. जिवंत वनस्पतीच्या पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइड फोडतं आणि प्राणवायूचे बुडबुडे येतात. निरोगी मुळाच्या कापावर ओतलंत तरी फेस येईलच. नाजूक टोकं मात्र त्याने भाजतात. कुंड्या, ट्रे आणि हत्यारं धुवायला वापरा, मुळांवर नको.

दालचिनी खोडाच्या किंवा कंदाच्या कापावर चालते, ती जागा कोरडी करते. मुळांवर भुरभुरवली तर जिवंत वेलामेनही सुकवते. हळदीचं तसंच, कापलेल्या कंदापुरती ठीक. आणि रसायनांबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे: नुसतं माध्यम कुजून मुळं गेली असतील तर कापणं, वाळवणं आणि नवं माध्यम एवढ्यात काम होतं. औषध फक्त वरच्या तीन खुणा दिसल्या तरच.

कातळफूल

माध्यमावर. आपल्याकडे पाईनची साल महाग, म्हणून लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि सोडणाचे तुकडे ही त्रिसूत्री. त्यात काय चुकतं ते सांगतो.

कोळसा लाकडाचाच हवा. शेगडीसाठी मिळणाऱ्या दाबून केलेल्या विटा नकोत, त्यात चिकटवण्यासाठी इतर पदार्थ असतात. तुकडे दोन ते तीन सेंटिमीटर, चाळून भुकटी काढायची आणि दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचे. विटाही तशाच फोडून, धुऊन. विटेची पूड कुंडीच्या तळाशी बसली की भोकं बुजतात.

सोडण जास्त कटकटीचं. किनाऱ्याकडच्या सोडणात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. दोन सेंटिमीटरचे तुकडे २४ तास भिजवायचे, पाणी ओतून द्यायचं, असं तीनदा. मग लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात एक रात्र. कॅल्शियम त्या सोडियम-पोटॅशियमला हुसकून लावतं. मग परत साधं पाणी. हे न करता वापरलं तर टोकं जळतात आणि दोष खताला दिला जातो.

डेंड्रोबियम आणि कॅटलियाला कोकणात तीन भाग कोळसा, एक भाग वीट, सोडण अजिबात नाही. पुण्या-नाशकाकडे मार्च ते मे हवा कोरडी असते, तिथे एक भाग सोडण घाला. सोडण आपल्या हवेत दीड-दोन वर्षांत मऊ पडतं. बोटाने चिरडलं गेलं की बदलायची वेळ झाली, झाड कसंही दिसत असो. कोळसा कुजत नाही, पण क्षार धरून ठेवतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी तोही बदला.

तळाशी थर्माकोलचे मोठे तुकडे घातले की मधला पाणी धरणारा भाग कमी होतो. आणि दिखाऊ सिरॅमिक कुंडी, जिला भोकच नाही, तिच्यात आतली कुंडी ठेवत असाल तर पाणी घालून अर्ध्या तासाने आतलं पाणी ओतून द्या. अशा कुंडीत तळाला दोन बोटं पाणी आहे हे दिसतही नाही.

देशावरची

आमच्याकडे बोअरचं पाणी, मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) ७०० च्या वर. डेंड्रोबियमच्या मुळांची टोकं एक-दीड सेंटिमीटर वाढून काळी पडतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर. खत १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला २ ग्रॅम, आठवड्याला. पाणी बदलू की खत?

हिरवाकाठ

दोन्ही. ७०० च्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम खत घातलं की मुळाला मिळणारं द्रावण २७०० च्या आसपास जातं. टोकाच्या पेशींतून उलट पाणी बाहेर ओढलं जातं. ऑर्किडला मूळ पाणी २०० च्या आत बरं, खत घालूनही एकूण ७०० च्या आत पुरे.

आरओ मशीनचं शुद्ध पाणी तीन भाग आणि बोअरचं एक भाग मिसळा. आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही नको, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. पावसाचं साठवलं तर उत्तम. मुंबई-पुण्यातल्या मंडळींना ही अडचण सहसा नाही, धरणाचं पाणी मऊ असतं.

खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी घालून मुळं भिजल्यावर. १९:१९:१९ मधला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीत जिवाणू त्याचं रूपांतर करतात. कोळशा-विटांत ते फार कमी होतं आणि युरिया बराचसा वाहून जातो. त्यामुळे दोन आठवडे हे, तिसऱ्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम, असं फिरवा. दोन्ही एकत्र कालवू नका, कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून साका बसतो.

महिन्यातून एकदा निचरा. कुंडीत मावेल त्याच्या चौपट साधं पाणी सावकाश ओतायचं, वीस मिनिटं थांबून पुन्हा. काळी पडलेली टोकं परत वाढणार नाहीत, पण मूळ टणक असेल तर मागून फांदी फुटते.

आणि हात जोडून विनंती: केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण हे व्हिडिओतले प्रकार कुंडीत ओतू नका. त्यातली साखर आणि पिष्ट माध्यमात आंबतं, प्राणवायू खातं आणि चिलटं येतात.

गच्चीवाला

पाण्यावरून आठवलं. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतलं आणि उन्हातल्या काळ्या पाइपातलं पाणी चटका बसेल इतकं तापतं. दुपारी तेच व्हँडावर मारलं की मुळं पांढरी, मऊ पडतात आणि लोक त्याला बुरशी समजतात. पहिलं गरम पाणी वाहू द्या, किंवा सकाळी सातच्या आत पाणी घाला. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हाच्या बाजूला भाजतात, त्या बाजूची मुळं मेलेली आणि सावलीच्या बाजूची चांगली, असं दिसलं तर कारण हेच.

मृगसरी

पावसाळ्यातली व्यवस्था. फॅलेनोप्सिस उघड्यावर ठेवूच नये, मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी थांबून गाभा कुजतो. वर पारदर्शक पत्रा आठ-नऊ फुटांवर, चारही बाजू उघड्या. बाजूला प्लास्टिक लावून कोंडलेली शेड उघड्या पावसापेक्षा वाईट. वारा पडला असेल त्या दिवसांत छोटा पंखा लावा. सलग झड लागली तर आठवडाभर पाणी न घालता झाड खुशाल राहतं. कुंडी उचलून वजन बघा. कोरड्या कुंडीचं वजन एकदा हातात बसलं की दुसरी परीक्षा लागत नाही. नाहीतर बांबूची काडी मधोमध खोचून पाच मिनिटांनी काढा, ओलसर निघाली तर थांबा.

कुंडी बदलण्याचं काम पाऊस लागायच्या आत उरका. पण तारीख बघून नाही, नवी मुळं बघून. डेंड्रोबियम आणि कॅटलियाच्या नव्या कोंबाच्या तळाशी मुळांचे कोंब नुकतेच दिसू लागले की तोच मुहूर्त. मुळं तीन-चार इंच वाढल्यावर हलवलंत तर ती मोडतात, आणि कॅटलियाचं मोडलेलं मूळ फॅलेनोप्सिससारखं सहज फांदत नाही, मग पुढच्या कोंबापर्यंत झाड उपाशी.

दूरदेशी

अमेरिकेत उलट अडचण. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा फार कोरडी होते, मुळं वरून सुकतात आणि खिडकीच्या थंड काचेला टेकलेल्या कुंडीत खालून कुजतात. इथे दुकानात ऑर्किडवर आठवड्याला तीन बर्फाचे खडे ठेवायची चिठ्ठी असते. ते चालतं का?

हिरवाकाठ

झाड लगेच मरत नाही, पण माध्यम पूर्ण भिजतही नाही आणि क्षार धुतले जात नाहीत. खोलीच्या तापमानाचं पाणी आरपार वाहू द्या. कुंडी काचेपासून हातभर आत घ्या, फॅलेनोप्सिसच्या मुळांजवळ १६-१७ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. आर्द्रतेसाठी पानांवर फवारे मारत बसण्यापेक्षा छोटा ह्युमिडिफायर बरा.

चाफेकळी

मधला गोळा काढला, रात्रभर वाळवलं. आता दुसरी शंका: शेजारच्या व्हँडाची हिरवी टोकं रात्रीत अर्धी होतात. बुरशी दिसत नाही.

अनामिक_माळी

गोगलगाय किंवा झुरळं. झुरळं मुळांची टोकं खातात हे पुष्कळांना माहीत नसतं. रात्री दहानंतर टॉर्च घेऊन बघा. गोगलगायींसाठी काकडीची चकती किंवा बटाट्याचा काप टोपलीजवळ ठेवा, सकाळी त्याखाली सापडतात. सालीत राहणाऱ्या तांदळाएवढ्या चपट्या गोगलगायी सहज डोळ्याला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी माध्यमच बदलावं लागतं. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, पण घरात कुत्रा-मांजर असेल तर त्या वापरू नका, जीवघेण्या आहेत. झुरळांसाठी जेलचे ठिपके मांडवाच्या पायांवर लावा, मुळांवर नाही.

कातळफूल

एक जोड. सह्याद्रीतून तुटलेल्या फांदीसोबत सीतेची वेणी किंवा तसलं रानटी ऑर्किड आणून कुंडीत लावणारे खूप आहेत. जंगलातून काढू नका, आणि परसातल्या आंब्याची फांदी मोडून आलंच असेल तर कुंडीत घालू नका. त्याची जाड मुळं तिथे कुजतातच. हातभर लांबीचा सागाचा किंवा आंब्याचा खडबडीत सालीचा ओंडका घ्या. मुळांखाली नारळाच्या काथ्याची पातळ पट्टी, मॉसची गादी नको, आणि सुती दोरीने खोडाचा तळ घट्ट बांधा. पूर्वेचं ऊन, पावसाळा सोडून रोज सकाळी पाणी, उन्हाळ्यात संध्याकाळीही एकदा, पण रात्र होण्याआधी मुळं परत चंदेरी झाली पाहिजेत. नवी मुळं लाकडाला चिकटून पुढे सरकू लागली की दोरी कापून टाका.